चिमूट

द्वारका गडेकर, खाट अकरा.
दर तासाला मी तिला नाव विचारते
आणि दर तासाला ती वैतागते:
"आतांच सांगलें न्हय गो बाये?"

सांगितलंस. पण मला नाव नको, आवाज हवा आहे.
थायरॉइडच्या पाठीशी एक नस जाते, दोऱ्याएवढी.
ती दुखावली की माणसाला
स्वतःचं नावही परक्यासारखं ऐकू येतं.
म्हणून म्हण, द्वारका.
दहा वाजता नीट. अकराला नीट.
बाराला जरा खरखरीत, वाळूत पाय घासल्यासारखं.
लिहिते: आवाज घोगरा, श्वास सुरळीत.
मग मानेमागे हात सरकवून चाचपते,
कारण रक्त पट्टीवर दिसत नाही,
गुपचूप उशीकडे ओघळतं.
हे शिकवलं सिस्टर एर्मेलिंदांनी,
तेवीस वर्षांपूर्वी, म्हापशाच्या याच इस्पितळात.
"पुढून सगळ्याच जखमा शहाण्या दिसतात," म्हणायच्या.

केसपेपरवर व्यवसाय: मीठ.
आगरवाड्याचं, शापोऱ्याच्या भरतीचं,
उन्हात ओढून ओढून ढीग केलेलं,
शुक्रवारच्या बाजारात मापानं विकलेलं.
डॉक्टरांनी विचारलं, घरी कुठलं मीठ खाता?
ती हसली, पोदेराला विचारावं
पाव कुठून आणता, तशी.
गाठ चौदा वर्षांची.
आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी,
मग मुलीच्या लग्नातल्या प्रत्येक फोटोत
पदर वर ओढून घेण्याएवढी.
घरच्या मिठात आयोडीन नसतं, हे खरं.
त्यानंच झालं का, हे डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत.
मी तर मुळीच सांगत नाही.
चाळीस वर्षं ज्यावर घर चाललं
त्यालाच गुन्हेगार कसं म्हणायचं
शस्त्रक्रियेच्या रात्री?

तीन वाजून दहा मिनिटं.
"ओंठांक मुयो येता."
मुंग्या. ओठांना, मग बोटांच्या टोकांना.
तिच्या कानापुढे गालावर बोटानं टिचकी मारते:
ओठाचा कोपरा थरथरतो.
दंडावर पट्टा बांधून फुगवते, थांबते.
आणि दुसऱ्या मिनिटाला तिचा हात
मनगटात वाकतो,
चार बोटं ताठ, एकमेकींना चिकटलेली,
अंगठा आत.

पुस्तकात याला सुईणीचा हात म्हणतात.
पुस्तक लिहिणारा कधी मिठागरात गेला नसावा.
ही चिमूट आहे.
कालवणातली, बांगड्यावर चोळायची,
तापानं फणफणलेल्या पोरावरून
ओवाळून चुलीत टाकायची.
ती घेत नाहीये. हातच घेतो आहे.

गाठीमागे कुळथाएवढ्या चार ग्रंथी असतात,
रक्तातल्या कॅल्शियमचा हिशेब ठेवणाऱ्या.
आज त्या भेदरून गप्प बसल्या आहेत.
डॉ. पाणंदीकरांना फोन. अर्धवट झोपेतला हुकूम.
उशाशी तयार ठेवलेलं इंजेक्शन, अँप्युल फोडल्याचा टक आवाज.
दहा मिनिटांत द्यायचं, घाई केली तर हृदय बिघडतं.
एक डोळा मॉनिटरवर, एक शिरेवर:
औषध शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं.
नाव विचारायची वेळ टळून गेली, चालेल.
सहाव्या मिनिटाला करंगळी सुटली.
मग अनामिका.
मग सगळा हात चादरीवर उताणा,
रिकामा,
आणि तिनं तो असा पाहिला
जसं काही सांडलं आहे.

सहाला मी विचारायच्या आधीच:
"द्वारका!" ठणठणीत नाही, पण तिचंच.
तिला गोळी दिली. रोज, उपाशी पोटी, आयुष्यभर.
कॅल्शियमची वेगळी, चार तासांनी.
"आनी चाय?"
अर्ध्या तासानं.
तिनं माझ्याकडे असं बघितलं
जसं गळ्यापेक्षा हे ऑपरेशन मोठं आहे.

मग मी माझी पर्स उघडली,
तसलीच पांढरी गोळी काढली,
तिच्याच तांब्यातल्या पाण्यानं गिळली.
ती काही बोलली नाही, सरकून
खाटेवर थोडी जागा केली.
बाहेर चहाची गाडी खडखडत आली,
खाट नऊ, खाट दहा.
आम्ही दोघी घड्याळाकडे बघत बसलो.